उकंडा मापाऱ्याने गिळलेला आकडा

दारव्ह्यात खोटं कुठेही बोलता येतं, पण आमच्या कापसाच्या जिनच्या वजनकाट्यासमोर बोलता येत नव्हतं, कारण तिथे वीस वर्षं उकंडा मापारी उभा होता. त्याच्या समोर वीस वर्षं मीही उभा होतो, पण माझं नाव कोणी घेत नाही. मी गोविंदा. जिनच्या फाटकाला लागून माझी टपरी आहे. चहा, आलुबोंडा आणि फुकटची अक्कल, तिन्ही गरम मिळतात. यातली तिसरी वस्तू मी अलीकडे कमी केली आहे. का, ते पुढे येईलच.

उकंडा म्हणजे उकिरडा. त्याच्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून हा जन्मला तसा आजीने त्याला उकिरड्यावर ठेवला आणि टाकलेलं पोर म्हणून परत उचलून आणला. यमाला वाटावं की इथे नेण्यासारखं काही नाही. घराने धम्म घेऊन दोन वर्षं झाली होती, तरी आजीने हे गुपचूप उरकलं. यम फसला. उकंडा मात्र मोठेपणी कोणाकडून फसला नाही. कापसाच्या पोत्यात तो कोपरापर्यंत हात घालायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "रात्री पाणी मारलं. दोन बालट्या." शेतकरी शपथा घ्यायचा. उकंडा दुसऱ्यांदा हात घालायचा आणि दगड काढायचा.

ते दगड तो फेकत नसे. त्यांचं वजन करून लाल ऑइलपेंटने त्यावर आकडा टाकायचा आणि काट्याच्या खोलीतल्या खिडकीत मांडून ठेवायचा. कापसाला भाव असा मिळत होता की लोकांनी अख्खा डोंगर फोडून पोत्यात घातला असता तरी त्यांचं भागलं नसतं. पण उकंडाला त्याचं काय! तो काट्याचा माणूस. खिडकीतल्या दगडांच्या तीन रांगा झाल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो त्या कौतुकाने दाखवायचा.

आणि त्याचा आवाज! सकाळचं पहिलं पोतं काट्यावर चढलं की तो 'एक' म्हणत नसे. मापाऱ्यांच्या तोंडी एक नसतोच. तो ओरडायचा, "लाभ!" मग दोन, मग तीन. हा लाभ कोणाचा, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "मोजणाऱ्यानं इचारू नये."

आता आमच्या जिनची रीत सांगतो. दिवाळीनंतर खरेदीचा मुहूर्त व्हायचा. काट्याला हार, नारळ, आणि कापसाच्या आधी पहिलं वजन घरच्या लेकीचं. गेल्या वर्षीपेक्षा लेकीचं वजन वाढलं तर हंगाम चांगला, असा समज. सेठच्या मुली नागपूरला इंग्रजी शाळेत, त्या कशाला येतील? म्हणून उकंडाची दीपा चार वर्षांची असल्यापासून काट्यावर उभी राहायची. बाप आकडा ओरडायचा, हमाल टाळ्या वाजवायचे, सेठ फ्रॉकचं कापड द्यायचा. दरवर्षी दीपाचं वजन वाढायचं आणि दरवर्षी कापसाचं मातेरं व्हायचं. तरी रीत काही कोणी बदलली नाही.

दोन हजार पाचच्या मुहूर्ताला दीपा अकरावीत होती. "बाबा, मी नाई चढत," असं ती फाटकातच म्हणाली. सेठ हार घेऊन उभा, हमाल उभे, भटजीला दुसरीकडे जायची घाई. उकंडा म्हणाला, "चढ व माय, एक मिन्टाचं काम." ती चढली. त्याने आकडा ओरडला. आणि मी, टपरीतून, हातात झारा घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "सेठ, पोतं नाई, यंदा थेट गाठच आली! टरक बोलवा!"

गाठ म्हणजे जिनमध्ये दाबून, पट्ट्या मारून बांधलेला कापूस. तिला उचलायला चार हमाल लागतात. सगळं अंगण हसलं. सेठ हसला, उकंडा हसला. दीपाही हसली. ती हसली म्हणून मला वाटलं, विनोद चांगला झाला.

यवतमाळच्या डॉक्टर मॅडमनी पुढे मला सांगितलं की असा आजार एका वाक्याने होत नसतो, त्याला खूप कारणं असतात. त्यांचं बरोबर असेल. पण मॅडम त्या दिवशी अंगणात नव्हत्या, मी होतो.

दीपाने आधी माझा आलुबोंडा सोडला. मग भात सोडला. मग अर्धी भाकर, मग त्यातली अर्धी. घरी सांगायची, गोविंदाकाकाकडे खाल्लं. माझ्याकडे सांगायची, घरून जेवून आली. पहिले दोन महिने साऱ्या वस्तीने तिचं कौतुक केलं. "कशी बारीक झाली, चवळीची शेंगच!" तिसऱ्या महिन्यात तीच तोंडं म्हणू लागली, "काय झालं हो पोरीले?" लोकांची जीभ अशी, दोन्हीकडून चालणारी. माझी त्यात पहिल्या नंबरची.

मग सल्ले सुरू झाले. एकीने सांगितलं, नजर लागली. दुसरी म्हणाली, लगन करून टाका, सासरी सगळं खाते. दीपाचा मामा इंद्रजित हा विहारातला पक्का वक्ता. अंधश्रद्धेवर तासभर बोलायचा आणि पाणीसुद्धा प्यायचा नाही. तो एके दिवशी पांढरकवड्याहून आला आणि पोरीच्या दंडाला, बाहीच्या आत दिसणार नाही असा, काळा दोरा बांधून गेला. मी त्याला गाठलं. म्हटलं, "काहून मामा, दोरेवाल्या बाबाकडे गेलते काय?"

"गेलतो नाई," तो म्हणाला. "त्या बाजूले माहं काम होतं. रस्त्यात बाबा होता."

दीपाची आई इंदूबाई या सगळ्यात रोज सकाळी पोरीच्या आवडीचं करत होती आणि दुपारी ते झाकून ठेवत होती आणि संध्याकाळी स्वतः रडत खात होती. कधी पोरीच्या पाया पडायची, कधी तिला ताट फेकून मारायची. तिला मी दोष देणार नाही. तिच्याजागी मी दोन्ही कामं एकाच वेळी केली असती.

त्या साली जिल्ह्यात उपासमारीच्या पाहणीचे फॉर्म घेऊन फिरणाऱ्या माणसांचं पीक मात्र जोरदार आलं होतं. रोज एक जीप. उकंडाच्या घरी आलेल्या साहेबाने दीपाकडे पाहिलं आणि त्याचा पेन सरसावला. घरात धान्य नाही? इंदूबाईने कोठी उघडून दाखवली, ज्वारी होती. रेशन मिळत नाही? मिळते. मग मुलगी अशी का? खात नाही. का खात नाही? इंदूबाई म्हणाली, "तेच तर आमाले समजून नाई राह्यलं." साहेबाने फॉर्म पुढून पाहिला, मागून पाहिला. खायला नाही म्हणून खात नाही, याला रकाना होता. खायला आहे तरी खात नाही, याला नव्हता. शेवटी त्याने 'इतर' लिहिलं आणि चहा घेऊन गेला.

त्याच्यामागून एक फोटोवाला आला. बाहेरगावचा, मोठा कॅमेरा, चेहरा दुःखी ठेवायची सवय झालेला. त्याने दीपाला कोठीपाशी बसवलं. कोठी भरलेली दिसत होती म्हणून तिचं झाकण लावायला सांगितलं. पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'उपासमारीचा चेहरा'. दीपाने तो पेपर पाहिला आणि दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी कोण्या खात्याचे लोक गव्हाचं पोतं, पुढारी आणि हार घेऊन आले. ज्या घरात एका घासाची मारामार होती त्या घरात पन्नास किलो गहू आला. उकंडाने ते पोतं उचललं आणि खाली ठेवलं. म्हणाला, "साहेब, साडेतीन किलो कमी आहे." फोटो काढून झाले होते, त्यामुळे कोणी ऐकलं नाही.

पण त्या पोत्यावरूनच उकंडाच्या डोक्यात ते आलं. त्याला आयुष्यात एकच गोष्ट येत होती. तो मला म्हणाला, "गोविंदा, मोजल्याबिगर काही समजत नाई. पोरीले मी दर रविवारी काट्यावर घेतो." मी म्हटलं, बराबर आहे. माझ्याकडे अक्कल फुकटच होती.

पावसाळ्यात जिन बंद असते, पण किल्ली उकंडाकडे असायची. रविवारी सकाळी तो दीपाला घेऊन जायचा. ती आधी जाऊन खोलीत बसायची, तो काट्यावरची ताडपत्री काढायचा, हाक मारायचा. पहिल्या दोन रविवारी आकडा उतरला. त्या दोन्ही आठवड्यांत उकंडाच्या घशाखाली घास उतरला नाही. ताटावर बसायचा आणि उठायचा. तिसऱ्या रविवारी आकडा थोडा वाढला. उकंडा घरी आला आणि तीन भाकरी खाल्ल्या. चौथ्या रविवारी पुन्हा वाढला. पाचव्या, सहाव्या. प्रत्येक वेळी जेवढा वाढायला पाहिजे तेवढाच, जास्त नाही, कमी नाही. उकंडा माझ्या टपरीवर पेढे घेऊन आला. मी साऱ्या बाजारात वाटले. पोरगी डोळ्यांना तर तशीच दिसत होती, किंबहुना वाईट. पण काटा सांगतोय म्हटल्यावर डोळ्यांना कोण विचारतो?

आकडा तुम्हाला सांगत नाही. तो सांगायचा नाही असं ठरलं आहे.

ऑक्टोबरचं ऊन होतं. नवव्या रविवारी दीपा काट्यावरून उतरताना पायरीवर कोसळली. मी टपरीतून धावलो. उकंडाने तिला दोन्ही हातांवर उचलली आणि तिच्या कुर्त्याच्या आतून काहीतरी टणकन फरशीवर पडलं. गोल फिरत माझ्या पायाशी आलं. दगड होता. त्यावर लाल ऑइलपेंटने आकडा होता, उकंडाच्या अक्षरात.

मी खिडकीकडे पाहिलं. पुढची रांग जागेवर होती. मागच्या दोन रांगांच्या जागी धुळीत नुसते गोल डाग होते.

पोरीने कमरेला कापडाची पट्टी शिवून घेतली होती. दर रविवारी खोलीत बसल्या बसल्या बापाने लिहिलेले आकडे वाचून ती त्या आठवड्याचे दगड निवडायची. मापाऱ्याचीच पोरगी, हिशोबात कुठे चूक नाही. आणि ज्याला पोत्याच्या पोटातला दगड डोळे मिटून कळायचा, त्याला नऊ आठवडे काही कळलं नाही.

मला वाटलं, आता हा ओरडणार. दगडवाल्यांना तो अंगणभर ऐकू जाईल अशा शिव्या द्यायचा. पण तो पोरीला मांडीवर घेऊन तिथेच फरशीवर बसला. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं. तिने डोळे उघडले, दगड पाहिला, बापाकडे पाहिलं.

"काहून व दीपा?" तो म्हणाला. एवढंच.

ती म्हणाली, "आकडा वाढला की तुमी जेवत होते, बाबा."

मी तिथून उठून बाहेर आलो. मला रडताना कोणी पाहिलेलं आवडत नाही, आणि त्या दिवशी मी लहान पोरासारखा रडलो.

त्याच दुपारी जीप करून तिला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं. ती तिथे तीन आठवडे होती. तिथल्या डॉक्टर मॅडम वयाने लहान पण आवाजाने हेडमास्तर. त्यांनी उकंडाला समोर बसवून सांगितलं: हा नखरा नाही, आजार आहे, आणि जिवावरचा आहे. बरा होतो, पण वेळ लागतो. घरी वजन करायचं नाही. इथे दर महिन्याला होईल, तेही काट्याकडे पाठ करून, आकडा फक्त आमच्यापाशी. खा म्हणायचं नाही, खाल्लं तर वाहवा करायची नाही, किती खाल्लं ते मोजायचं नाही. दिवसातून पाच वेळा कोणीतरी तिच्यासोबत बसून तेच जेवायचं आणि दुसऱ्याच गोष्टी बोलायच्या.

"मोजाचं नाई?" उकंडाने तीनदा विचारलं. माशाला पोहू नको म्हटल्यासारखं झालं. पण तो घरी आला तो थेट जिनमध्ये गेला आणि खिडकीतली उरलेली पुढची रांगही गोणीत भरून नाल्यात ओतून आला. मला म्हणाला, "गोविंदा, दगडवाल्याइले मी वीस वर्ष शिव्या देल्या. एकालेबी इचारलं नाई, बाबू, काहून टाकला?"

इंदूबाईचे डोळे ताटावरून हलेनात, म्हणून सोबत जेवायचं काम उकंडाकडे आलं. त्यातली एक वेळ भर दुपारची, ऐन खरेदीतली. सेठ म्हणाला, "पोरगी जेवते, त्याला मापारी कशाला लागतो?" उकंडा म्हणाला, "तुमाले दुसरा मापारी भेटन, सेठ. तिले दुसरा बाप कुठून आणू?" तेव्हापासून दुपारी साडेबारा ते एक काटा बंद. रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची. शेतकरी मला विचारायचे, काय झालं? मी सांगायचो, काटा जेवायला गेला.

आता अडचण अशी की उकंडाला बोलायला येत नव्हतं. आकडे सोडले तर त्याच्याकडे शब्द फार थोडे. पहिल्या दिवशी तो पावसावर बोलला. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला नाही. तिसऱ्या दिवसापासून तो माझ्याकडून जुने पेपर नेऊ लागला, आणि जेवताना निविदा, हरवलेल्या बैलाची जाहिरात आणि कोणाचं नाव बदलल्याची सूचना असं सगळं मोठ्याने वाचू लागला. पेपर संपले की आपल्या जन्माची उकिरड्याची गोष्ट, तीच ती. एके दिवशी दीपा म्हणाली, "बाबा, यम चौथ्यांदा फसून राह्यला." तो इतका खूश झाला की मला सांगायला पळत आला.

सगळे दिवस असे नव्हते. कधी ती ताट सरकवून द्यायची आणि म्हणायची, तुम्हीच मला मारताय. तो बसून राहायचा. कधी अर्ध्या भाकरीला दीड तास लागायचा, भाकर वाळून पापड व्हायची, आणि तोही आपली भाकर तेवढ्याच वेळात खायचा, चिमणीएवढा तुकडा तोडत. दोन महिने बरे जायचे आणि तिसऱ्यात पुन्हा यवतमाळ. बाजारातले लोक विचारायचे, "झाली काय बरी?" उकंडा म्हणायचा, "होऊन राह्यली." दर आठवड्याला बिनचूक वर जाणारा आकडा तर आम्हा दोघांना आता बघवतच नाही.

दिवसातून पाच वेळा जेवल्याचा परिणाम मात्र एका माणसावर ताबडतोब दिसला. उकंडाचं पोट शर्टाच्या बटणांशी भांडू लागलं. इंदूबाईने दोनदा शर्ट उसवले.

दोन हजार सहाच्या मुहूर्ताला दीपा दवाखान्यात होती, तेव्हा नुसत्या नारळावर भागलं. दोन हजार सातला सेठ म्हणाला, "पोरगी बरी आहे म्हणे. आण तिला. गेल्या साली रीत मोडली म्हणून तर मंदी आली." हमाल जमले होते, भटजी घड्याळ बघत होता. दीपा आईसोबत फाटकाशी उभी होती, डबा घेऊन. बारावी झाली होती, केस नीट विंचरले होते. मी तिचा चेहरा पाहिला आणि माझ्या हातातला झारा तेलातच राहिला.

उकंडा म्हणाला, "पहिलं वजन घरच्या माणसाचं, हेच ना सेठ? मी हाव ना."

आणि स्वतः चढला. गळ्यात काट्याचाच हार अडकवला, मान वळवून आकडा पाहिला, आणि वीस वर्षं लावलेल्या त्याच आवाजात ओरडला, "लाभ!" मग आपलं वजन सांगितलं, किलो आणि वर ग्रॅमसुद्धा. अंगण फुटलं. हमाल पोट धरून बसले. सेठलाही हसू आवरेना. दोन-चार जणांनी माझ्याकडे पाहिलं, कारण अशा वेळी टपरीतून काहीतरी यायची सवय होती. माझ्या जिभेवर तीन विनोद तयार होते आणि तिन्ही चांगले होते. मी ते गिळले.

दीपा हसत होती. यावेळी मी नीट पाहिलं. ती बापाकडे बघून हसत होती.

मग खरेदी सुरू झाली, पोती चढू लागली, आणि ती माझ्या टपरीशी आली. दोन वर्षांत काही मागायला आली नव्हती.

"गोविंदाकाका, एक आलुबोंडा द्या."

मला खूप काही बोलायचं होतं. माफी मागायची होती, ती तर दोन वर्षांपासून तोंडात धरून होतो. म्हटलं, "गरम आहे, बेटा. सांभाळून." कागदावर ठेवून दिला आणि तिच्याकडे पाठ करून कढईत झारा फिरवत बसलो. कढईत काही नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मिरची जास्त झाली, काका."

"उद्या कमी टाकतो," मी म्हटलं.

ती गेली. मी वळून कागद उचलला. तेवढ्यात काट्यावरून उकंडाने माझ्याकडे पाहिलं. समोर पोतं चढलं होतं, हमाल आकड्याची वाट बघत होते, आणि त्याने पाची बोटं हवेत उघडून, भुवई उडवून विचारलं, किती?

कागद माझ्या हातात होता. मी तो चुरगाळला, बादलीत टाकला, आणि दोन्ही हात हलवून त्याला सांगितलं की मी पाहिलं नाही.  उकंडाने स्वतःच्या डोक्यात एक टपली मारली, पोत्याकडे वळला आणि मोजू लागला.